दीडशें मैलांचा दाखला

उन्हाळ्याच्या सुट्टींत आमचा नातू येथें आला, म्हणजे घरांतील शांततेस महिनाभर रजा मिळते. यंदा येतांना त्यानें पत्त्यांचा एक जोड आणला होता. त्यांत राजा, राणी, गुलाम यांपैकीं कोणी नव्हतें. प्रत्येक पानावर एका मोटारगाडीचें चित्र, व चित्राखालीं तिचा परमवेग, तिची अश्वशक्ति, तिचें वजन असे आकडे छापलेले. दोघांनीं एकेक पान उचलावयाचें, एकानें एखाद्या आकड्याची हांक द्यावयाची, व ज्याचा आकडा मोठा त्यानें दुसऱ्याचें पान जिंकून घ्यावयाचें, असा हा खेळ. मुलें यास 'ट्रंप कार्ड' म्हणतात. पस्तीस वर्षें शब्दरूपें व धातुरूपें घोकून घेण्यांत घालविलेल्या माणसास या खेळांत गति कोठून असणार? मी नेमानें हरत होतों, आणि नातवाचा आनंद पाहून तें हरणें गोड मानून घेत होतों.

चौथ्या दिवशीं माझ्या हातीं एक फारच देखणें पान आलें. पुढचा भाग लांबच लांब व निमुळता, बसावयाची जागा अगदीं मागें, आणि सर्वांगावर एकही अनावश्यक रेषा नाहीं. खालीं लिहिलें होतें, 'जॅग्वार ई-टाइप, इ. स. १९६१, परमवेग ताशीं २४१ किलोमीटर.' म्हणजे १५० मैल. मीं मोठ्या ऐटीनें वेगाची हांक दिली, व नातवाचें पान मला मिळालें. तो क्षणभर हिरमुसला, आणि मग त्यानें विचारलें, "पण आजोबा, हें कोणीं मोजलें?"

इतका नेमका प्रश्न मला वर्गांत क्वचितच कोणीं विचारला असेल. मीं म्हटलें, "बाळ, मला ठाऊक नाहीं. शोधून सांगतों." पुढें पंधरा दिवस मीं त्या एका आकड्याचा पाठलाग केला. मोटारींचें मला पूर्वीं कांहीं ज्ञान नव्हतें, व आतांही फारसें आहे असें नाहीं. परंतु जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवण्याजोगें वाटतें.

जॅग्वार कारखान्याचे संस्थापक विल्यम लायन्स यांनीं १९२२ सालीं इंग्लंडांतील ब्लॅकपूल या गांवीं एका भागीदारासह मोटारसायकलींना जोडावयाच्या साइडकार करण्यापासून आरंभ केला. पुढें कारखाना कॉव्हेंट्रीस आला, आणि १९५० नंतरच्या दशकांत तेथील गाड्यांनीं फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत पांच वेळां जिंकली. या शर्यतींच्या गाड्यांना आकार देणारे माल्कम सेयर हे पूर्वीं विमानांच्या कारखान्यांत काम केलेले गृहस्थ. गाडीची रेषा ते कुंचल्यानें ओढीत नसत, गणितानें काढीत. शर्यतींच्या गाड्यांत सिद्ध झालेली ही विद्या सामान्य रस्त्यावरील गाडींत उतरवावी, या हेतूनें ई-टाइप जन्मास आली. सहा सिलिंडरांचें ३.८ लिटरचें इंजिन, २६५ अश्वशक्ति, आणि चारही चाकांना तबकडीचे, म्हणजे डिस्क ब्रेक. मागच्या दोन चाकांना एकमेकांपासून स्वतंत्र हलण्याची मोकळीक होती, त्यामुळें खडबडीत रस्त्यावरही गाडी जमीन सोडीत नसे.

मार्च १९६१ मध्यें जिनीव्हा येथील प्रदर्शनांत ही गाडी प्रथम दाखविली. पाहणारांची एवढी झुंबड उडाली कीं एक गाडी पुरेना. तेव्हां कारखान्याचे चालक नॉर्मन ड्यूइस यांनीं दुसरी गाडी कॉव्हेंट्रीहून रातोरात हांकीत तेथें नेली. किंमत सुमारे २,१०० पौंड. त्याच वर्गांतील इटालियन फेरारी किंवा इंग्रजी ॲस्टन मार्टिन यांच्या किंमतीच्या निम्मी, किंवा त्याहूनही कमी! आणि वेग? कारखाना सांगे, ताशीं १५० मैल.

आतां नातवाच्या प्रश्नाकडे येऊं. हा वेग केवळ कारखान्यानें सांगितला असें नाहीं, तो मोजलाही गेला. 'दि ऑटोकार' व 'दि मोटर' या इंग्लंडांतील दोन मान्यवर साप्ताहिकांनीं त्याच महिन्यांत गाडीची परीक्षा घेतली. अशा परीक्षेंत गाडी सरळ रस्त्यावर एकदां एका दिशेनें व एकदां उलट दिशेनें पळवितात, आणि दोहोंची सरासरी धरतात, म्हणजे वाऱ्यानें केलेली मदत व अडथळा परस्परांत फिटून जातात. बंद टपाच्या गाडीचा वेग ताशीं १५०.४ मैल भरला, उघड्या गाडीचा १४९.१. उभ्या जागेवरून ६० मैलांचा वेग गांठण्यास पहिलीस ६.९ सेकंद लागले, दुसरीस ७.१. एवढे नेटके आकडे वाचून माझें समाधान झालें होतें, व नातवास तसें सांगण्यास मी उठणारही होतों.

परंतु त्याच विषयावरील दुसऱ्या लेखांत पुढें असें आढळलें, कीं परीक्षेस दिलेल्या त्या गाड्यांवर कारखान्यानें विशेष मेहनत घेतली होती. इंजिनें काळजीपूर्वक जुळविलेलीं व घासूनपुसून सिद्ध केलेलीं. आणि वेगाच्या परीक्षेच्या वेळीं चाकांवर शर्यतीचे टायर. ज्या गाड्या पुढें साध्या ग्राहकांच्या हातीं गेल्या, त्यांपैकीं बहुतेकांची धांव १४० मैलांच्या थोडी पुढें जाऊन थांबे.

कोणी म्हणेल, दहा मैलांचा तो फरक काय? येथें थोडें गणित पाहणें अवश्य आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, आणि त्या विरोधावर मात करण्यास लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. १४० चा वेग १५० करावयाचा, तर वेग जेमतेम सात टक्के वाढतो, परंतु शक्ति सुमारे तेवीस टक्के अधिक लागते. २६५ अश्वशक्तीनें १४० मैल गांठणाऱ्या गाडीस १५० मैल गांठावयास या हिशेबानें सव्वातीनशें अश्वशक्ति पाहिजे! शेवटचे दहा मैल पहिल्या दहा मैलांसारखे नसतात. पस्तीस गुणांच्या मुलास पंचेचाळीसवर नेणें एक, आणि पंच्याऐंशींच्या मुलास पंच्याण्णववर नेणें दुसरें, हें शिक्षकांस सांगावयास नको.

न्यायशास्त्रांत प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशीं चार प्रमाणें मानलीं आहेत. कारखान्याची जाहिरात हें शब्दप्रमाण. तें ग्राह्य कीं अग्राह्य हें बोलणारा आप्त आहे कीं नाहीं यावर अवलंबून. साप्ताहिकांनीं घड्याळ लावून मोजलें, म्हणजे प्रत्यक्षच झालें. तरी निर्णय चुकला, तो कां? ज्या गाडीचें प्रत्यक्ष झालें ती एक, आणि जिच्याविषयीं निर्णय दिला ती दुसरी. परीक्षकांनीं खोटें लिहिलें नाहीं. त्यांच्यापुढें जी आणून उभी केली, ती मात्र सर्वांची प्रतिनिधि नव्हती.

हें वाक्य वहींत उतरून घेतांना माझा हात थांबला. कारखान्यावर टीका करण्याचा अधिकार मला आहे काय?

नोकरीच्या तिसऱ्या वर्षीं आमच्या शाळेची तपासणी व्हावयाची होती. आठवीचें संस्कृत माझ्याकडे होतें. तपासणीपूर्वीं पंधरा दिवस मीं बाकीचा अभ्यास गुंडाळून ठेविला, आणि तीन पाठ व थोडीं शब्दरूपें एवढींच मुलांकडून घटवून घेतलीं. चांगलीं मुलें पुढच्या बाकांवर बसविलीं. वर्गास ताकीद दिली, कीं प्रश्न विचारल्यावर सर्वांनीं हात वर करावा. उत्तर येत असेल त्यानें उजवा, नसेल त्यानें डावा. मागच्या बाकावर एक मुलगा असे. तो अडखळत बोले, व घाबरला म्हणजे त्याच्या तोंडून शब्दच फुटत नसे. त्यास मीं आदल्या संध्याकाळीं बाजूला घेऊन सांगितलें, "उद्यां तूं आला नाहींस तरी चालेल."

तो आला नाहीं. सगळा वर्ग हात वर करीत होता, मी उजवे हात निवडून उठवीत होतों, आणि तपासणीस आलेले गृहस्थ मान डोलवीत होते. 'संस्कृताची तयारी उत्तम' असा शेरा त्यांनीं लिहिला. तो शेरा खोटा नव्हता; जें त्यांना दाखविलें त्याचा तो खरा शेरा होता. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो मुलगा वर्गाच्या दाराशीं येऊन उभा राहिला, आणि त्यानें विचारलें, "गुरुजी, आज येऊं का?"

मीं 'ये' म्हटलें, आणि फळ्याकडे वळलों. ही गोष्ट मीं आजवर घरींही कोणास सांगितली नव्हती.

तेव्हां ई-टाइपकडे पाहण्याची माझी दृष्टि आतां तपासनिसाची नाहीं. मला त्या गाडीविषयीं जें सर्वांत अधिक वाटतें तें हें, कीं तिला या उसन्या दहा मैलांची गरजच नव्हती. १४० मैल हाही १९६१ सालीं दोन हजार पौंडांच्या गाडीचा विस्मयकारक वेग होता. तिचें रूप, तिची बैठक, तिच्या चाकांची पकड या गुणांत कोणतीही तयारी मिसळलेली नव्हती. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानें १९९६ सालीं ही गाडी आपल्या संग्रहांत घेतली, ती कांहीं वेगाचा दाखला पाहून घेतली नाहीं.

तिचे खरे दोष मात्र दीडशें मैलांच्या जयघोषांत मागें पडले. पहिला गिअर घालणें अवघड, ब्रेक एवढ्या वेगास अपुरे वाटणारे, आणि लांबच्या प्रवासांत अंग दुखविणारी बैठक, अशा तक्रारी मालकांनीं केल्या. कारखान्यानें त्या ऐकिल्या, हें त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. १९६४ सालीं इंजिन ४.२ लिटरचें झालें, नवी गिअरपेटी आली, ब्रेक व बैठक सुधारली. विशेष असें, कीं अश्वशक्तीचा आकडा तोच, २६५, ठेविला. वाढ झाली ती कमी वेगावर गाडी ओढण्याच्या जोरांत. पत्त्याच्या पानावर ती दिसत नाहीं, परंतु रोज गाडी चालविणारास प्रत्येक चढावर जाणवली असेल.

आकड्यांची ही हौस एकट्या जॅग्वारची नव्हे. त्या दशकांत अमेरिकेंतील कारखाने अश्वशक्ति मोजीत, ती इंजिन गाडीबाहेर काढून, हवेची गाळणी, सायलेन्सर वगैरेंचा भार न लावतां. १९७२ च्या सुमारास तेथें सर्व साहित्यासह मोजण्याची पद्धत आली, आणि कित्येक इंजिनांचे आकडे एकाएकीं खालीं उतरले. त्यांतील मोठा भाग केवळ मोजण्यांतला फरक होता. उलट १९६२ सालीं निघालेली लोटस एलान पाहावी. कॉलिन चॅपमन यांच्या या छोट्या गाडीचें इंजिन दीड लिटरहून किंचित् मोठें, शक्ति अवघी १०५. परंतु वजन सातशें किलोंच्या आंत. मोठ्या आकड्याची हांक देऊन हें पान कधीं जिंकावयाचें नाहीं. तरीही वळणावळणाच्या रस्त्यावर तिच्याहून दुप्पट शक्तीच्या गाड्यांना ती भारी पडे.

आणि दीडशें मैलांचा उपयोग तरी किती जणांस झाला? डिसेंबर १९६५ मध्यें इंग्लंडांत मोठ्या रस्त्यांवरही ताशीं ७० मैलांची मर्यादा प्रथम प्रयोग म्हणून घातली गेली, व १९६७ सालीं ती कायम झाली. त्यानंतर त्या देशांतील मालकास आपल्या गाडीचा आकडा पडताळून पाहण्याची सोयच सार्वजनिक रस्त्यावर उरली नाहीं. पडताळा नाहीं, म्हणून शंका नाहीं. आणि शंका नाहीं, म्हणून आकडा साठ वर्षांनंतरही आमच्या ओसरीवरील पत्त्यांत जसाच्या तसा.

हें सर्व मीं नातवास त्याला समजेल अशा भाषेंत सांगितलें. तपासणीची हकीकतही वगळली नाहीं. गाडीची गोष्ट त्यानें मन लावून ऐकिली. त्या मुलाची ऐकल्यावर तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं, आणि मग म्हणाला, "तुम्ही त्याला सॉरी म्हणालांत का?" मीं म्हटलें, "नाहीं."

दुसऱ्या दिवशीं खेळतांना तें देखणें पान त्याच्या हातीं आलें. त्यानें वेगाचीच हांक दिली, परंतु आकडा वाचतांना थांबला आणि म्हणाला, "आजोबा, २२५ धरूं या." म्हणजे १४० मैल. माझ्या पानावर २३५ होते. त्यानें जॅग्वार मुकाट्यानें माझ्यापुढें सरकविली, व पुढचें पान उचललें.

माझ्या पानावरचे ते २३५ कोणीं मोजले होते, हें विचारण्याचें मात्र त्या वेळीं दोघांच्याही ध्यानांत आलें नाहीं.