एवढेंच ना?

आमची नात एका प्रयोगशाळेंत सूक्ष्म जंतूंवर संशोधन करते. परवां सुटींत ती घरीं आली ती खिन्न मुद्रेनेंच. आठ दिवस खपून सिद्ध केलेला नमुना यंत्राच्या निर्वात कोठींत तडकून उडाला, असें तिनें सांगितलें. "एवढेंच ना!" असें आम्ही सहज बोलून गेलों. पुढील हकीकत ऐकल्यावर मात्र त्या उद्गाराची आम्हांस लाज वाटली.

दोन जातींचे जंतू शेजारींशेजारीं वाढले म्हणजे ते परस्परांकडे नाना द्रव्यें सोडतात. कोणतें द्रव्य कोठवर पोंचलें, ह्याचा नकाशा हें यंत्र रेणूंचें वजन करून काढतें. अमेरिकेंतील सॅन डिएगो येथील संशोधकांनीं २००९ सालीं बॅसिलस व स्ट्रेप्टोमायसीस ह्या जंतूंमधील अशी देवघेव चित्ररूपानें दाखविली.

ह्या कामीं सारी भिस्त पूर्वतयारीवर असते. प्रथम तबकडींत आगराचा पातळ व सपाट थर ओतावयाचा. आगर म्हणजे समुद्रांतील शेवाळापासून काढलेला, थंड होतांच गोठणारा पदार्थ. जंतू वाढविण्यास तो वापरावा हें १८८१ सालीं फॅनी हेसे ह्या डॉक्टरपत्नीनें स्वयंपाकघरांतील अनुभवावरून सुचविलें, हें आमच्या वाचकभगिनींस कळून आनंद होईल. जंतू वाढल्यावर तेवढा तुकडा कापून धातूच्या पट्टीवर ठेवावयाचा. खालीं हवेचा बुडबुडा राहतां कामा नये. वर बारीक चाळणींतून विशिष्ट सेंद्रिय आम्लांचें चूर्ण सारखें भुरभुरावयाचें. हें चूर्ण लेसर-किरणांची शक्ति शोषून घेतें व जंतूंच्या द्रव्यांस आपणांबरोबर वर उडवितें. मग ३७ अंश उष्णतेंत सर्व पूर्ण वाळवावयाचें. शेजारीं जंतूरहित आगराचाहि एक तुकडा ठेवावा लागतो. एरवीं आगरांतील द्रव्यें जंतूंच्या नांवावर खपावयाचीं!

थर जाड असला तर तो सुरकुततो. ओल राहिली तर निर्वातांत तुकडा फुटतो. परंतु ह्याहून मोठें संकट निराळेंच. पाणी अधिक झालें तर द्रव्यें मूळ जागा सोडून पसरतात. नकाशा मग दिसतो सुबक, पण असतो खोटा.

"आजोबा, फुटलेला तुकडा निदान चूक कबूल तरी करतो," नात म्हणाली, "पसरलेला फसवतो."

उरलेली सुटी टाकून ती दुसरेच दिवशीं परत गेली. नवा थर ओतावयाचा होता. आम्हीं तिला अडविलें नाहीं. मुलांच्या श्रमांस "एवढेंच ना" म्हणण्यापूर्वीं आम्हां वडीलधाऱ्यांनीं ते श्रम कशाचे आहेत, एवढें तरी विचारावें.