पोलाद कुठलं, हे कुणीच विचारलं नाही

संरक्षण खरेदीचे नियम लिहिणाऱ्या आणि निविदा उघडणाऱ्या सर्व अधिकाऱ्यांना,



हे पत्र उघडपणे लिहितो आहे, कारण पाकिटातून पाठवलेल्या पत्रांची पोच येते, उत्तर येत नाही. भोसरीच्या एमआयडीसीत माझा छोटा कारखाना आहे. मिश्र पोलादाच्या गोल बारपासून आम्ही पिना, बुश आणि शाफ्ट तयार करतो. संरक्षण खात्याच्या कारखान्यांना माल द्यायला वडिलांनी सुरुवात केली. 1962 च्या युद्धानंतर भंडारा, वरणगाव, अंबाझरी इथे नवे दारूगोळा कारखाने उभे राहिले, खडकी आणि देहूरोडचं काम वाढलं आणि त्यांच्या आधाराने आमच्यासारखी वर्कशॉप पुण्यात रुजली. या कामात पैसा बेताचाच मिळायचा. पण आपण बनवलेला भाग सैन्याकडे जातो, याचा अभिमान आमच्या घरात होता. त्याच अभिमानाला ठेच लागली, म्हणून लिहितो.

गेल्या वर्षी एका सरकारी उपक्रमाची निविदा निघाली. नाव घेत नाही, कारण दुखणं एका कार्यालयाचं नाही. आम्ही भारतात वितळवलेल्या पोलादाचा भाव धरून दर भरला. ऑर्डर दुसऱ्याला गेली. त्याने कळंबोलीच्या गोदामातून परदेशी बार उचलले होते. आमचा बाजार लहान आहे, कुणाचा माल कुठून आला हे इथे लपत नाही. त्याचा दर आमच्यापेक्षा थोडासाच कमी होता, आणि जो फरक होता तो पोलादाचाच होता. ‘एल-वन’, म्हणजे सर्वांत कमी दराचा, तो ठरला. त्याने नियम मोडला नाही, म्हणून त्याच्यावर माझा राग नाही. माझी तक्रार नियमाबद्दल आहे.

‘मेक इन इंडिया’ला प्राधान्य देणारा सरकारी खरेदीचा आदेश 2017 चा. त्याप्रमाणे ज्याच्या मालात निम्मा किंवा त्याहून जास्त देशी अंश, तो पहिल्या वर्गाचा स्थानिक पुरवठादार. हा अंश रुपयांत मोजतात. आता आमचा हिशेब बघा. समजा भागाची किंमत 100 रुपये आहे आणि त्यात पोलाद 40 रुपयांचं. ते सगळंच्या सगळं बाहेरून आणलं, तरी कटिंग, मशीनिंग, हीट ट्रीटमेंट, मजुरी आणि नफा धरून भाग 60 टक्के देशी ठरतो. मी पोलादही देशी वापरतो, म्हणजे माझा भाग जवळजवळ पूर्ण देशी. तरी तोही पहिल्या वर्गातला आणि मीही पहिल्या वर्गातला. त्यापुढे फक्त दर बघितला जातो. पन्नासची रेघ ओलांडली की वरचे पन्नास तुमच्या लेखी शून्य आहेत. जो माणूस त्या वरच्या पन्नासासाठी जास्त पैसे मोजतो, त्याला तुमची पद्धत त्याच कारणासाठी हरवते.

शिवाय 10 कोटींच्या आतल्या खरेदीत हा देशी अंश पुरवठादाराने स्वतःच लिहून द्यायचा असतो. त्याहून मोठ्या खरेदीलाच लेखापरीक्षकाचं प्रमाणपत्र लागतं. पिना आणि बुशची ऑर्डर 10 कोटींची कधी असते? म्हणजे ज्या थरात पोलाद हे पोलाद म्हणून ओळखू येतं, त्याच थरात सगळा कारभार शब्दावर चालतो.

गलवानच्या चकमकीनंतर, जुलै 2020 मध्ये, सीमेला लागून असलेल्या देशांतल्या बोलीदारांना नोंदणीची अट घातली गेली. मला त्या दिवशी बरं वाटलं होतं. पण ती अट बोली लावणाऱ्याला आहे, त्याने आणलेल्या बारला नाही. विकणारा कोण हे तुम्ही तपासता. विकलेली वस्तू कशाची आहे, ते त्याच बारकाईने तपासत नाही.

याचा परिणाम काय होतो, ते तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. धनुष ही तोफ आपण स्वदेशी म्हणून मिरवतो, आणि ती मिरवण्यासारखी आहेच. त्याच तोफेसाठी चिनी बेअरिंग जर्मन म्हणून पुरवल्याच्या आरोपावरून सीबीआयला 2017 मध्ये गुन्हा नोंदवावा लागला. 2025 मध्ये लष्कराच्या 400 ड्रोनचे करार त्यांतल्या चिनी भागांमुळे रद्द झाल्याच्या बातम्या आल्या. प्रत्येक वेळी धावपळ माल आल्यावर किंवा करार झाल्यावर झाली. मूळ विचारायची जागा निविदा आहे, आणि निविदेत तो प्रश्नच नाही.

तो विचारणं अवघडही नाही, याचंच मला सर्वांत वाईट वाटतं. पोलादाच्या प्रत्येक बारला हीट नंबर असतो. भट्टीतून ज्या ओतीत तो निघाला, त्या ओतीचा क्रमांक. त्याच्यासोबत मिलचं टेस्ट सर्टिफिकेट येतं. त्यात कार्बन किती, क्रोमियम किती, निकेल किती, ताण किती सोसतो हे सगळं लिहिलेलं असतं, आणि वर मिलचं नाव आणि गाव असतं. हा कागद आम्ही प्रत्येक लॉटबरोबर तुम्हाला देतोच. तुमचे निरीक्षक त्यातले आकडे वाचतात आणि नाव-गाव सोडून देतात. आमच्या बाबतीत तर असंही झालं, की देशी बारचे तुकडे कापून पुन्हा प्रयोगशाळेत पाठवायला सांगितलं, खर्च आमचा, आणि परदेशी मिलचा कागद मात्र तसाच मान्य झाला. तपासणीला माझा नकार कधीच नव्हता. सैन्याचा भाग आहे, दोनदा काय, चारदा तपासा. पण मग दोघांचाही तपासा. आपल्याच देशातल्या भट्टीवर आपल्याच अधिकाऱ्याचा विश्वास नाही, हे उभं राहून ऐकून घेताना मान खाली गेली.

देशी पोलाद मिळत नाही, हे मला अनेकदा ऐकवलं गेलं आहे. त्यात थोडं खरं आहे, आणि ते मी मोकळेपणाने मान्य करतो. मिश्र पोलाद आपल्याकडे बनतं. भंडाऱ्याशेजारी वरठीला बनतं, दुर्गापूरला बनतं. 1973 मध्ये स्थापन झालेली हैदराबादची मिधानी ही सरकारी कंपनी संरक्षणासाठी खास मिश्रधातू बनवते. पण भट्टीची एक ओत एक-दोन टनांत आटोपत नाही, ती कित्येक टनांची असते, आणि मला एखाद्या ग्रेडचे लागतात दोन टन. माझ्या दोन टनांसाठी कोणतीही मिल भट्टी लावणार नाही. परदेशी माल आणणारा मात्र चार देशांच्या गिऱ्हाइकांची मागणी एकत्र करून साठा ठेवतो. दोन टन मागितले, दोन टन देतो. माझ्यासारखा लहान माणूस इथे हरतो, आणि त्याला एकट्याने यातून वाट काढता येत नाही. ती वाट तुमच्याकडे आहे. कोणत्या ग्रेडचं किती पोलाद वर्षाला लागेल, हे संपूर्ण देशात फक्त तुम्हाला माहीत असतं. ऑक्टोबर 2021 मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या, त्यातली एक पुण्यात आहे, एक नागपुरात. या सातांनी आपली मागणी एकत्र मांडली, तर मिल आनंदाने ओत लावेल आणि आमच्यासारखे त्यातून आपापले दोन टन उचलतील.

हे मी मनातले मांडे खात नाही. विक्रांतच्या बाबतीत हेच घडलं. विमानवाहू जहाजासाठी लागणारं पोलाद रशियाकडून वेळेवर मिळेना, तेव्हा हैदराबादची डीएमआरएल ही धातू संशोधन प्रयोगशाळा, नौदल आणि सेल ही सरकारी पोलाद कंपनी यांनी मिळून डीएमआर 249 हे पोलाद उभं केलं. भिलाई, बोकारो आणि राउरकेलाच्या कारखान्यांतून त्याच्या प्लेटा निघाल्या. सेलने जाहीर केलेल्या आकड्याप्रमाणे विक्रांतसाठी सुमारे 30 हजार टन पोलाद त्यांनी पुरवलं. 2 सप्टेंबर 2022 ला जहाज नौदलात दाखल झालं, तेव्हा मी टीव्हीसमोर उभा होतो. अडचण आली म्हणून का होईना, कुणीतरी ठामपणे सांगितलं की हे पोलाद आम्ही घेणार आहोत, आणि पोलाद तयार झालं. 30 हजार टनांच्या बाबतीत जी हिंमत दाखवली, ती दोन टनांच्या बाबतीत का दाखवत नाही?

अमेरिकेचं उदाहरण तुमच्याच बैठकांत नेहमी दिलं जातं, म्हणून तेही सांगतो. तिथे 1941 पासून बेरी दुरुस्ती आहे. सैनिकाच्या अंगावरचं कापड, त्या कापडाचा धागा, धाग्याचा तंतू, सगळं त्यांच्या देशातलं हवं. पुढे 1970 च्या दशकात विशेष धातूही त्यात आले, आणि धातू कुठे वितळवला हे बघितलं जाऊ लागलं. अपवाद आहेत, मित्रदेशांना सवलती आहेत, पण प्रश्न थेट मुळाशी जाऊन विचारला जातो. आपल्या 2020 च्या संरक्षण संपादन कार्यपद्धतीनेही देशी लष्करी साहित्याचा विचार केला. पाच याद्यांमधून 509 वस्तूंची आयात टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं. मी त्या याद्या वाचल्या आहेत. तोफा आहेत, जहाजं आहेत, क्षेपणास्त्रं आहेत. पण ती वस्तू भारतात जोडली गेली आणि तिचा धातू बाहेरचा राहिला, तर आयातच झाली, फक्त एक पायरी खाली सरकली. एप्रिल 2025 मध्ये चीनने दुर्मिळ मृदा धातूंवर निर्यातीची बंधनं घातली, तेव्हा चुंबकांसाठी आपल्या गाड्यांचे कारखानदार कसे कासावीस झाले, ते पुणे-चाकणमध्ये आम्ही रोज बघत होतो. ते गाड्यांचं होतं. युद्धाच्या दिवसांत तीच पाळी तोफेच्या पिनेवर आली तर?

देशी आहे म्हणून वाईट माल घ्या, असं मी कधीच म्हणणार नाही. माझ्या मुलाचा वर्गमित्र सीमेवर आहे. माझी मागणी एवढीच, की तांत्रिक छाननीच्या पत्रकात एक रकाना घाला: धातू कुठे वितळवला, हीट नंबर काय. तो टेस्ट सर्टिफिकेटवरून पडताळा, पुरवठादाराच्या शब्दावरून नको. देशात वितळवलेल्या धातूला दरात ठरावीक टक्क्यांची सवलत द्या, म्हणजे 60 टक्केवाला आणि 100 टक्केवाला एका पारड्यात बसणार नाहीत. परदेशी धातू लागणारच असेल, तर कोणत्या ग्रेडचा आणि का, ते नोंदवून जाहीर करा, म्हणजे पुढच्या वर्षी कोणती ओत लावायची ते मिलला कळेल. आणि सात कंपन्यांची पोलादाची मागणी एकत्र काढा.

माझ्या दोन जुन्या व्यवसायसोबत्यांनी गेल्या वर्षात संरक्षणाचं काम सोडून वाहनांच्या भागांचं काम घेतलं. त्यांना मी अडवू शकलो नाही, कारण त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं: ज्यांच्यासाठी आपण महाग पोलाद घेतो, त्यांनाच त्याची किंमत नसेल तर घ्यायचं कशाला? या प्रश्नाचं उत्तर तुम्ही द्यावं, आणि जाहीरपणे द्यावं, अशी माझी मागणी आहे. पुढच्या निविदेत तो रकाना येणार आहे की नाही, हे कळवावं.

आपला,
भोसरीतला एक लघुउद्योजक