संग्रहकाल आणि वनस्पतीचे घड्याळ

औषधी द्रव्यांच्या संग्रहकालाविषयी चरकसंहितेच्या कल्पस्थानात स्पष्ट मार्गदर्शन आहे. मुळे ग्रीष्मात वा शिशिरात, त्वचा, कंद व क्षीर शरदात, सार हेमंतात, फुले-फळे आपापल्या ऋतूत. हे वचन प्रत्येक वैद्यबंधूस पाठ आहे. माल खरेदी करताना त्याचे स्मरण कितीजणांस राहते, हा प्रश्न आम्ही स्वतःसही विचारतो.

वनस्पतींच्या अंतर्गत घड्याळासंबंधीच्या संशोधनाकडे आम्ही याच दृष्टीने पाहतो. १७२९ साली द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाने मिटणारी वनस्पती अंधारात ठेवली, तरी तिची पाने दिवसा उघडत व रात्री मिटत राहिली. आता या घड्याळाची अनेक जनुके ज्ञात झाली आहेत. त्यांच्या साह्याने वनस्पती दिवसाची लांबी मोजते आणि फुलण्याची वेळ ठरवते.

प्रमेहात आपण ज्याची योजना करतो, तो यवच पाहावा. दिवस मोठे होऊ लागताच त्वरेने फुलावे, हा रानटी जवाचा स्वभाव. उत्तर युरोपात वसंतात पेरल्या जाणाऱ्या जवात मात्र ‘पीपीडी-एच१’ या जनुकात बदल झालेला आहे, असे २००५ साली दिसून आले. त्यामुळे तो उशिरा फुलतो आणि तेथील लांब, थंड हंगामाचा पुरता लाभ घेतो. उलट, स्वीडनमध्ये क्ष-किरणांच्या साह्याने निर्माण केलेले ‘मारी’ हे वाण दिवस लहान असला तरी लवकर फुलते. त्यातील ‘ईएलएफ३’ हे घड्याळाचे जनुक निकामी आहे, हे २०१२ साली प्रसिद्ध झाले. धान्य एकच, नाव एकच. पण एकाच तिथीस एक फुलोऱ्यावर, तर दुसरे अद्याप पानांतच!

म्हणूनच बियाणे एका अक्षांशावरून दुसऱ्यावर नेऊन केलेल्या औषधी लागवडीत केवळ महिना पाहून काढणी करणे आम्हांस अपुरे वाटते. फुलोऱ्यावर आलेले झाड आपला साठा फुला-बियांकडे वळवू लागते. मूळ वा पान घेणाऱ्यास हे दुर्लक्षून चालणार नाही. मुळांविषयी सांगताना खुद्द चरकाने ऋतूबरोबर पानांच्या अवस्थेचाही निर्देश केला आहे, याकडे आपले लक्ष जात नाही. (यावरून प्राचीनांस जनुके ठाऊक होती, असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्यांनी झाड पाहिले, एवढे पुरेसे आहे.)

फार्मसीधारकांस आमची विनंती अशी, की खरेदीच्या नोंदीत द्रव्याचे नाव, वजन व दर यांबरोबर बियाणे कोठले, काढणी केव्हाची, आणि त्या वेळी झाड पानांत, फुलांत की फळांत होते, हेही लिहून घ्यावे. व्यापारी प्रथम हसतील. पोत्यांत चार गावांचा माल एकत्र आलेला असतो, आणि तो वेगळा मागितला तर दरही वाढेल, हे आम्ही जाणतो. तरी ज्यांची लागवड कराराने होते, त्यांनी येत्या हंगामापासून आरंभ करण्यास काहीच अडचण नसावी.