फळांच्या अर्काची पारख आणि बेडकाचे अंडे

जे झाडाला लागते ते निरुपद्रवी असते, ही समजूत जुनी आहे. खरी मात्र नाही. रिठ्याच्या फळातील सॅपोनिन नामक द्रव्य केस निर्मळ करते. तेच डबक्यात पुरेशा प्रमाणात मिसळले तर मासे मरतात. गेळफळ कुटून पाण्यात टाकावे आणि मासे गुंगवून धरावेत, ही रीत तर पूर्वापार चालत आली आहे. अशा अर्कांचा वाढत्या जीवावर काय परिणाम होतो, हे ज्याला विचारावे असा एक साधा साक्षीदार म्हणजे बेडकाचे अंडे होय.

हे अंडे मातेच्या उदरात नव्हे, उघड्या पाण्यात वाढते. त्याला कठीण कवच नसते. पारदर्शक चिकट आवरणातून त्याची वाढ डोळ्यांना दिसते. दक्षिण आफ्रिकेतील झेनोपस बेडकाचे फलित अंडे सुमारे दीड तासात प्रथम दुभंगते आणि चार-पाच दिवसांत त्याचे पोहणारे भैकेर, म्हणजे शेपटीचे पिल्लू, होते. १९८३ साली अमेरिकेत मांडली गेलेली चाचणी याच काळावर उभी आहे. भ्रूण ९६ तास निरनिराळ्या तीव्रतेच्या द्रावणांत ठेवावयाचे. मेलेले किती, विरूप किती आणि खुंटलेले किती, ते मोजावयाचे.

नुसते मेलेले मोजून भागत नाही. अती झाल्यास मीठही मारते. अर्धे भ्रूण मारणाऱ्या तीव्रतेला अर्धे भ्रूण विरूप करणाऱ्या तीव्रतेने भागतात, आणि उत्तर दीडाहून अधिक आले तर संशय घेतात. कारण असे द्रव्य जीव घेण्यापूर्वीच घडण बिघडविते. बटाट्याच्या झाडाला येणाऱ्या हिरव्या फळांत सोलानिन व चॅकोनिन ही विषे असतात. दोहोंचा गाभा एकच, केवळ शर्करेची जोड निराळी. तरीही १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत बेडकाच्या भ्रूणांना चॅकोनिन अधिक घातक ठरले. एवढा सूक्ष्म भेद हा साक्षीदार सांगू शकतो.

परंतु त्याच्या तोंडी भलते शब्द घालू नयेत. पिल्लाचा कणा वाकला, सबब गर्भवतीने ते फळ वर्ज्य करावे, हा निष्कर्ष उतावळेपणाचा होय. फळ खाणारी स्त्री अर्कात बुडून राहत नाही, आणि तिचे यकृत पुष्कळ द्रव्यांचे रूप पालटून टाकते. म्हणूनच या चाचणीत कधी कधी उंदराच्या यकृताचा अंशही मिसळतात. अर्क मद्यार्कात काढला असेल, तर नुसत्या मद्यार्काचे वेगळे पात्र ठेवलेच पाहिजे. ते नसेल तर सारा खटाटोप व्यर्थ!

मात्र जेथे प्रश्न खुद्द बेडकाचाच आहे, तेथे ही साक्ष थेट लागू पडते. ५ किलो निंबोळी कुटून, रात्रभर भिजवून, गाळून केलेला १०० लिटर अर्क पिकांवर फवारतात. किडीची कात टाकण्याची क्रिया बिघडविणारे ॲझाडिरॅक्टिन त्यात असते, आणि म्हणून तो उपयुक्त आहे. पण खरिपाची फवारणी पावसाळ्यात होते, आणि त्याच दिवसांत बांधालगतच्या पाण्यात बेडूक अंडी घालतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती संकटात आहेत. तेव्हा अशा अर्काला 'निर्धोक' म्हणण्यापूर्वी तो आफ्रिकेच्या नव्हे, तर भातखाचरातल्या देशी बेडकाच्या भ्रूणांवर, खाचरात प्रत्यक्ष पोहोचेल तितकाच पातळ करून, तपासला गेला पाहिजे.