पत्ता आपल्याच नावाचा

परवा धारवाडला मेहुण्याच्या वास्तुशांतीला गेलो होतो. पंगतीत होळिगेवर तुपाची धार पडत असताना त्यानं विषय काढला. "भाव," (कन्नडात बहिणीच्या नवऱ्याला हीच हाक, भाव खाण्याशी तिचा संबंध नाही) "तुमची ती वेबसाइट अजून आहे? वर्षाला एष्टु?"

मी आकडा सांगितला. नावाचे हजाराच्या आतबाहेर, जागेचे दोनेक हजार. तो हसला. "फेसबुक फुकट आहे की! माणसंही तिथंच भेटतात. तुमच्याकडे येतं कोण?"

प्रश्न खोटा नव्हता. माझ्या वेबसाइटवर महिन्याकाठी येणारी माणसं एका टेम्पोत मावतील. पंगतीत नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथं देतो.

पोटासाठी मी पंचवीस वर्षं दुसऱ्यांचे प्रोग्रॅम लिहितोय. बँकेचे, विम्याचे. त्यातले निम्मे आज बंद पडलेत आणि एकावरही माझं नाव नाही. रविवारी मात्र मी माझ्या जागेत बसतो. बटण निळं हवं की हिरवं हे सांगणारा साहेब तिथं नसतो, हे सुख ज्यानं नोकरी केली त्यालाच कळेल.

सुरुवात २००४ ची. आईची एक वही होती. लोणची, मसाले, बाळगुटी, मधेच कुणाच्या लग्नात किती आहेर आला त्याचा हिशेब. माहेर निपाणीकडचं, सासर बेळगावचं, शेजार सगळा कन्नड, त्यामुळं तिच्या लिखाणात दोन्ही भाषा एकाच भांड्यात शिजलेल्या. एका ओळीत तूप, पुढच्या ओळीत तुप्प. 'ताई' म्हणजे आपल्याकडं थोरली बहीण आणि कन्नडात 'तायि' म्हणजे आई, यावरची तिची एक गंमतही वहीत होती. ही वही सगळ्या भावंडांना बघता यावी म्हणून एका फुकटच्या जागेवर मी पानं चढवायला लागलो.

तेव्हा मराठी अक्षरं दाखवणं हा एक तमाशाच होता. फॉन्टवाले इंग्रजी अक्षराच्या खोलीत मराठी अक्षर बसवायचे. समोरच्याच्या संगणकावर तोच फॉन्ट नसला, की आईचं लिंबाचं लोणचं कचऱ्यासारखं दिसायचं. बहिणीनं फोन करून विचारलं होतं, "हे काय, चिनी भाषेत लिहिलंयस?" देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिप्या १९९१ पासून युनिकोडमध्ये आहेत, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक. पण आपल्या घरच्या संगणकापर्यंत ते पोचायला बराच काळ गेला. एक अख्खी दिवाळी घालवून मी सगळी पानं युनिकोडमध्ये आणली. 'करणाऱ्या' मधला तो वेलांटीदार र काही केल्या बसेना, त्यावर एक रात्र गेली. 'ळ' नं मात्र त्रास दिला नाही. तो दोन्ही घरचा!

मग एक दिवस ती फुकटची जागाच बंद झाली. सूचना आली होती म्हणे, पण मी उघडायचं सोडलेल्या जुन्या ईमेलवर. सीडीवर प्रत होती म्हणून मजकूर वाचला, फोटो गेले.

यात जगावेगळं काही नाही. लाखो लोकांची घरगुती पानं असलेलं जिओसिटीज २००९ च्या ऑक्टोबरात बंद झालं. ऑर्कुट २०१४ च्या सप्टेंबरात मिटलं. फुकटच्या वाड्यात राहणाऱ्यानं मालकाच्या मर्जीवर तक्रार करू नये. मी शहाणा झालो, स्वतःच्या नावाचा पत्ता घेतला. आता जागा देणारी कंपनी बुडाली तरी फायली उचलून दुसरीकडं ठेवायच्या, पत्ता तोच राहतो. फायलीही मुद्दाम साध्या ठेवल्या, एचटीएमएलच्या, झगमगाट नाही. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये केलेलं जगातलं पहिलं संकेतस्थळ १९९१ मध्ये लोकांसमोर आलं, त्याचं जपलेलं पान आजच्या मोबाइलवरही उघडतं. नुसता मजकूर आणि दुवे. जितकं साधं, तितकं टिकाऊ.

आई २०१६ ला गेली. वही ताईकडं राहिली, चिकोडी तालुक्यात, कृष्णाकाठी. २०१९ चा ऑगस्ट तुम्हाला आठवत असेल. पाणी खिडकीपर्यंत आलं. माणसं आणि जनावरं निघाली, कपाट राहिलं. पाणी ओसरल्यावर वहीचा चिखलाचा गोळा हाती आला.

वहीची नव्वदेक पानं होती. एकसष्ट मी चढवली होती. बाकीची "पुढच्या दिवाळीला" म्हणून ठेवली होती.

ताईनं विचारलं, "कारळ्याच्या चटणीचं पान आहे का रे तुझ्याकडं?" नव्हतं. आम्ही दोघांनी फोनवर आठवून प्रमाण जुळवायचा प्रयत्न केला, पण आईचं माप म्हणजे 'ती पितळी वाटी', आणि वाटीही पुरात गेली. अजून जुळलेलं नाही. त्या एकसष्ट पानांचे दर वर्षी पैसे भरताना माझा हात अडखळत नाही तो यामुळं. बाकीच्या पानांचा राग मात्र कुणावर काढणार?

तरी ही जागा माझ्या मालकीची नाही, हे प्रोग्रॅमरनं तरी खोटं सांगू नये. नाव भाड्याचंच असतं. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचं भाडं भरता येतं, चुकलं की थोड्या मुदतीनंतर नाव दुसऱ्याला मोकळं. म्हणून तारीख आणि पासवर्ड लिहिलेला कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. मुलीला दाखवून ठेवलाय. "बाबा, पासवर्ड असा लिहून ठेवतात का?" म्हणाली. म्हटलं, चोराला चटणीत रस असेल तर नेऊ दे.

हे सगळं धारवाडला सांगता आलं नाही, पण पुराचं तेवढं बोललो. रात्री निघताना मेहुणा आतून एक लाल बांधणीची वही घेऊन आला. सासूबाईंची, सगळी कन्नडात. "भाव, याची पानं किती होतील?" मी पुन्हा चप्पल काढली. नव्या स्वयंपाकघरात ट्यूबलाइटखाली ओट्यावर वही ठेवली. तो पानं उलटत गेला, मी फोटो काढत गेलो. बेचाळीस पानं झाली आणि आमची शेवटची बस चुकली.