सडा धूसर करू नका

नवा कॅमेरा घेतला की जो तो एकच शिकवतो: ॲपर्चर उघडा, मागचं धूसर करा, फूल उठून दिसेल. मालवणच्या सड्यांवर हा सल्ला घातक आहे. सीतेची आसवं बोटभर उंचीची. कातळावरच्या निकस मातीत पोषण पुरत नाही, म्हणून इवल्या पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून जगणारी. मागचा जांभा पुसलात तर उरतं कुठल्याही कुंडीतलं जांभळं फूल. मग त्याच कातळाला ‘पडीक’ म्हणून चिरेखाण सुरू केली, तर हरकत कोण घेणार? एफ ११ वर या, कॅमेरा जमिनीला टेकवा. शार्पनेस किंचित कमी होईल, होऊ द्या. कातळ, साचलेलं पाणी आणि फूल एकाच फ्रेममध्ये येऊ द्या. फूल सुंदर आहेच; पुरावा जागेचा हवा.