बोर्डाच्या दिवशी सोबत जा

वर्धा जिल्ह्यातल्या लेकी-सुनांनो, मुलांनो, पुतण्यांनो, भाच्यांनो, तुमचे पाय धड आहेत म्हणून हे आवाहन तुम्हाला करतो आहे.

तुमच्या घरात, नाहीतर दोन घरं सोडून, असं एक माणूस आहेच. लकव्यानंतर उजवा पाय ओढत चालणारे काका. लहानपणी पोलिओ झालेली आणि आता पन्नाशी ओलांडलेली आत्या. सोयाबीन काढताना मळणीयंत्रात पंजा गेलेला शेजारी. सिकलसेलनं खुबा खराब झालेला पंचविशीतला चुलतभाऊ, ज्याला अख्खं गाव आळशी म्हणतं. यांना विचारा, दिव्यांग प्रमाणपत्र आहे का? कोणी पेटीच्या तळातून प्लास्टिकमध्ये जपलेला जुना कागद काढून दाखवेल. कोणी म्हणेल, "आपल्याले कायले पाह्यजे ते?" जुन्या कागदावर आता भागत नाही. 1 जून 2021 पासून दिव्यांग प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवरूनच मिळतं आणि त्याच्यासोबत यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र असलेलं कार्ड येतं. पुढची सगळी दारं त्या कार्डावर उघडतात.

माझ्या मामांची गोष्ट सांगतो, म्हणजे माझी घाई तुम्हाला कळेल. मामा आर्वीकडचे. साठीच्या आत लकवा झाला आणि डावी बाजू गेली. महिने लोटले, हात थोडा वळू लागला, पण पाय काही आला नाही. कोणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी अर्ज केला आणि तपासणीसाठी वैद्यकीय बोर्डाची तारीख आली. आम्ही भाचे मंडळी आपापल्या कामात होतो. मामा पहाटेच्या एसटीनं एकटे गेले. पुलगाव-आर्वीची शकुंतला रेल्वे केव्हाच बंद पडली, आता सगळी भिस्त एसटीवर. जाताना धुतलेला पांढरा सदरा घातला, दाढी केली, टोपी ठेवली. साहेबांपुढे जायचं होतं ना.

डॉक्टरांनी विचारलं, कसं आहे बाबा? मामा म्हणाले, "बरं हाय साहेब." चालता येतं का? "चालतो ना." कोणाचा आधार लागतो? "कायले?" आणि दातओठ खाऊन आठ-दहा पावलं चालून दाखवली. घरी हेच मामा मामींच्या खांद्याला धरल्याशिवाय संडासापर्यंत जात नाहीत. पण आयुष्यभर वखर हाकलेला माणूस परक्या चार लोकांसमोर "मला जमत नाही" कसं म्हणेल? प्रमाणपत्रावर 35 टक्के आले. दिव्यांगांच्या कायद्यातले बहुतेक लाभ 40 टक्क्यांपासून सुरू होतात.

डॉक्टर चुकले असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं. पाहायला हवं ते दाखवणारं तिथं कोणी नव्हतं. बोर्डाचा निर्णय पटला नाही तर 90 दिवसांत अपील करता येतं, हे आम्हाला कळलं तेव्हा ते दिवस उलटून गेले होते. आता मामा खाटेवरून फारसे उठत नाहीत. पुन्हा अर्ज करू म्हटलं की तोंड फिरवतात. "एक खेप तपासलं ना त्यायनं, आता नाई जात मी."

म्हणून सांगतो, बोर्डाच्या दिवशी सोबत जा. आणि त्याआधी आठ दिवस घरातल्या त्या माणसाकडे नीट पाहा.

काय पाहायचं? पायाचं अपंगत्व मोजताना डॉक्टर सांधा किती वळतो आणि स्नायूत किती जोर आहे एवढंच पाहून थांबत नाहीत, पायावर माणूस किती स्थिर आहे तेही पाहतात. सपाट जमिनीवर चालता येतं का, उतारावर येतं का, जिना चढता येतो का. दोन्ही पायांवर उभं राहता येतं का, एकट्या दुखऱ्या पायावर येतं का. वळता येतं का, गुडघे टेकता येतात का. उकिडवं बसता येतं का, मांडी घालता येते का. या यादीतल्या शेवटच्या दोन गोष्टी मला फार शहाण्या वाटतात. आपल्याकडे माणूस जेवायला, भजनाला, शौचाला, पंगतीला, निंदणाला बसतो तो खालीच. ज्याची मांडी गेली त्याची पंगत गेली. तरी घरात कोणाच्या ते लक्षातही येत नाही, कारण बदल हळूहळू झालेला असतो. आधी पाटाची खुर्ची झाली, मग संडासात मधे भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची आली, मग देवळाच्या पायऱ्या सुटल्या आणि सगळे म्हणू लागले, "वय झालं आता." वहीत लिहून ठेवा. चप्पल कोण घालून देतं. गेल्या सहा महिन्यांत किती वेळा पडले. वावरात शेवटचं कधी गेले. डॉक्टरांनी विचारलं आणि मामा "बरं हाय" म्हणाले, की ही वही बोलेल.

खोटं बोला असं मी म्हणत नाही. 2024 मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून देशभर गदारोळ झाला, आणि त्यानंतर खऱ्या दिव्यांगांकडेही लोक संशयानं पाहू लागले. फसवून लाभ घेतला तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 91 प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. "टक्के वाढवून देतो" म्हणत दाराशी घुटमळणाऱ्या दलालाला हे कलम वाचून दाखवा. पण वर्ध्यात मी पाहतो ते उलटं आहे. आपली माणसं दुखणं फुगवून सांगत नाहीत, झाकतात.

अर्जाचं काम अवघड नाही, फक्त वेळखाऊ आहे. पोर्टलवर अर्ज करायला शुल्क नाही. गावातल्या सेवा केंद्रात भरून घेतलात तर भरण्याचे पैसे किती ते आधी विचारा. आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, अलीकडचा फोटो, सही किंवा अंगठा लागतो. ज्याला स्वतःला जमत नाही त्याच्या वतीनं पालकाला अर्ज करता येतो. अर्ज भरतानाच कोणत्या रुग्णालयात तपासणी हवी ते निवडावं लागतं. कारंजा किंवा आष्टीकडून वर्ध्याला यायचं म्हणजे आजाऱ्याचा अख्खा दिवस जातो, तेव्हा जवळ काही सोय आहे का ते आधी पाहा. पावती जपून ठेवा, तिच्यावरचा नोंदणी क्रमांक पुढे शंभर वेळा लागेल. सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर, जिथं उपचार झाले असतील तिथलं सुटीचं कार्ड आणि सीटी किंवा एमआरआयची फिल्म पिशवीत टाका. लकव्यासारख्या मेंदूच्या नाहीतर मज्जातंतूच्या दुखण्यात तपासणी सहा महिने झाल्यावरच करतात. म्हणून आजार नवा असेल तर कागद गोळा करा, तारीख मोजा, आणि सातव्या महिन्यात चुकू नका. प्रमाणपत्र हातात आलं की ते कायमचं आहे की मुदतीचं, तेवढं आवर्जून पाहा. मुदत संपली की अनुदानाला अडचण येते आणि घरात कोणाला कारण समजत नाही.

टक्के 40 किंवा अधिक आले की तहसील गाठा. संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 पासून आहे. 18 ते 65 वयाच्या दिव्यांगांना तिच्यातून मदत मिळते, त्यापुढच्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपये आहे आणि महाराष्ट्रात 15 वर्षांचं वास्तव्य लागतं. दोन्ही योजनांतल्या दिव्यांगांचं अनुदान 2025 मध्ये महिन्याला 1,500 वरून 2,500 रुपये झालं. इथंच एक फट आहे. तुमच्या आजीला श्रावणबाळचे पैसे आधीपासून मिळत असतील, पण तहसीलच्या नोंदीत ती नुसती वृद्ध म्हणून असेल, तर वाढीव हजार तिच्यापर्यंत येणार नाहीत. ती दिव्यांग म्हणून नोंदलेली आहे का, कार्डाचा क्रमांक चढवला आहे का, हे तुम्हीच जाऊन विचारायचं आहे. खातं आधारला जोडलेलं आहे ना, हयातीचा दाखला दरवर्षी दिला जातो ना, तेही त्याच खेपेत पाहून घ्या.

अडीच हजारांत होतं काय, असं कोणी विचारेल. प्रश्न बरोबरच आहे. जून 2025 मध्ये शेजारच्या अमरावती जिल्ह्यात गुरुकुंज मोझरीला शेतकरी-दिव्यांगांचे नेते बच्चू कडू उपोषणाला बसले, त्या मागण्यांत दिव्यांगांना महिन्याला 6,000 रुपये मिळावेत हीही होती. मागणी मान्य होईल तेव्हा होवो. तोवर अर्ज न केलेल्या माणसाला अडीच हजारही मिळत नाहीत, आणि अर्ज मंजूर होण्याआधीचे महिने कोणी मागाहून भरून देत नाही. मी रोज घाई करा म्हणतो ते एवढ्यासाठीच.

उत्पन्न जास्त आहे, मुलगा पुण्यात कमावता आहे, म्हणून कार्डच काढू नये असंही करू नका. त्या कार्डावर एसटीच्या भाड्यात 75 टक्के सवलत आहे. जो सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही त्याला रेल्वेत सवलत मिळते, तिच्यासाठी मात्र रेल्वेचा वेगळा नमुना भरावा लागतो. आणि ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. घरपट्टी-पाणीपट्टीतून आलेल्या पैशातले ते 5 टक्के गेल्या वर्षी कुठे गेले, हा प्रश्न ग्रामसभेत उभं राहून विचारा. वॉकर, कमोडची खुर्ची, घराच्या दारात उतार, एवढं तर त्यातून होऊ शकतं. मळणीयंत्रात किंवा वावरात अपघात होऊन अवयव गेला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एका अवयवासाठी एक लाख आणि दोन अवयवांसाठी दोन लाख रुपये आहेत. त्या अर्जासाठी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लगेच जा, जखम भरायची वाट पाहत बसू नका.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला घरं आजही कचरतात. कुष्ठरोगातून बरा झालेला माणूस दिव्यांग हक्क कायद्यात चलनवलनाच्या अपंगत्वाखालीच येतो. बोटं आखडलेली, पाऊल लोंबतं, तळव्याला जखमा. औषधानं रोग केव्हाच गेला, पण हातपाय तसेच राहिले. मनोहर दिवाणांनी 1936 मध्ये दत्तपूरला कुष्ठसेवेचं काम सुरू केलं आणि सेवाग्रामला गांधीजींनी कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींना स्वतःच्या हातानं मालीश केली, त्या जिल्ह्यात एखादी म्हातारी केवळ नाव फुटेल या धाकानं प्रमाणपत्राला जात नसेल, तर तिच्या घरच्यांशी कोणीतरी हळूच बोलायला हवं. गावातल्या आशाताईंना अशी घरं माहीत असतात. त्यांची मदत घ्या.

आज रात्री जेवायला बसाल तेव्हा घरातल्या त्या माणसाला एवढंच विचारा, "मांडी घालून शेवटचं कधी जेवलात?" ते आधी म्हणतील, "कायले विचारतं रे?" मग थोडा वेळ गप्प बसतील आणि एखादं साल सांगतील, एखाद्या लग्नाचं नाव घेतील. ते वहीत पहिल्या ओळीत लिहा. आणि सांगा की उद्या सकाळी सेवा केंद्रात जायचं आहे, आधार कार्ड उशाशी काढून ठेवा.